ग्वाल्हेरचा पगार

मध्यभारत हे वेगळं राज्य होतं तेव्हा आमचं इंदूर सहा महिने राजधानी असायचं आणि सहा महिने नसायचं. थंडीत सरकार ग्वाल्हेरला बसायचं आणि उन्हाळा लागला की फायली, पेट्या, टायपरायटर आणि माणसं घेऊन इकडे यायचं. का, तर म्हणे माळव्याची हवा चांगली. आम्हाला त्या हवेचं कौतुक नव्हतं, कारण तिच्यापायी दर उन्हाळ्यात आमचं दूध महाग व्हायचं.

ग्वाल्हेरवाले येताना कॅम्प भत्ता घेऊन यायचे. घर सोडून परगावी राहावं लागतं म्हणून पगारावर मिळणारे ते जास्तीचे पैसे. ही बातमी आमच्याआधी भाजीवाल्यांना कळलेली असायची. भोपळा तोच, पण विकणारीचा आवाज बदलायचा. लाकडाच्या वखारीत भाव चढायचा, धोबी जास्त मागायचा. ज्यांना भत्ता मिळायचा ते हसतहसत द्यायचे आणि ज्यांना मिळत नव्हता ते आम्ही त्यांच्यामागे रांगेत उभे राहून तेवढेच द्यायचो. दसऱ्याच्या सुमाराला सरकार परत जायचं. भाव मात्र त्याच्याबरोबर जायला विसरायचे.

आमच्या घरमालकानेही तेच केलं. सगळ्या गल्लीत उन्हाळी भाडेकरू येताहेत, मी एकटाच धर्मादाय का करू, असं म्हणत त्याने भाडं वाढवलं. आमच्या दोन खोल्या होत्या. आम्ही नवराबायको, दोन मुलं आणि माझे वडील. तोड वडिलांनीच काढली. पुढची खोली उन्हाळ्यापुरती ग्वाल्हेरच्या कुणाला तरी द्यायची, जेवणही आपल्याकडेच घालायचं आणि आपण मागच्या खोलीत सरकून राहायचं. बायकोने आधी नाही म्हटलं, मग मान हलवली. मला कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत, एका सेठच्या छापखान्यात मशीनमन होतो. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, चालवायचो. लग्नपत्रिका, दुकानांच्या पावत्या, औषधांची लेबलं, निवडणूक आली की हँडबिलं. काम चांगलं करायचो. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी ते सांगत नसे.

तर पुढच्या खोलीत भाडेकरू आला. कारकून आला असता तर माझं काही बिघडलं नसतं. तहसीलदार आला असता तरी नाही. कलेक्टरचा हेवा कुणी करत नाही, तो आपल्या पंगतीतलाच नसतो. पण आमच्याकडे आला तो सरकारी छापखान्याच्या तुकडीबरोबर आलेला मशीनमन. मराठीच. माझ्याच वयाचा. माझ्यासारखीच नखांत शाई, माझ्यासारखाच अंगाला रॉकेलचा वास. ट्रेडलही माझ्यासारखंच. आणि पगार माझ्या जवळजवळ दुप्पट, वर महागाई भत्ता, त्याच्यावर कॅम्प भत्ता. माझ्या घरात राहण्याचा त्रास होतो म्हणून सरकार त्याला पैसे देत होतं. त्याच घरात मी बारा महिने राहत होतो, त्याबद्दल मला कुणी काही देत नव्हतं.

घरात सगळे त्याला पाहुणे म्हणायचे. पैसे देऊन राहणारा पाहुणा मी तोवर पाहिला नव्हता. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचो आणि मनात अरेतुरे.

वडिलांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. ते संस्थानच्या फौजेत होते. फार मोठ्या हुद्द्यावर नाही, पण सरकारी शिक्क्याचा पगार त्यांनी जन्मभर घेतला होता आणि आता पेन्शनही तशीच घेत होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, सरकारात असलेली आणि इकडेतिकडे काहीतरी करणारी. मी दुसऱ्या प्रकारात. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, की ते म्हणायचे, छपाईचं बघतो. आणि पाहुण्याबद्दल विचारलं की ताठ बसून सांगायचे, सरकारी छापखान्यात आहेत. एकच मशीन, एकच शाई, पण वडिलांच्या तोंडून ती दोन वेगवेगळी कामं होऊन बाहेर पडायची.

पहिल्या तारखेला पाहुणा संध्याकाळी पगार घेऊन यायचा. ठरल्या दिवशी, ठरलेला, एकरकमी. आमचा सेठ पगार मनाला येईल तसा तुकड्यातुकड्यांनी द्यायचा. सणाला थोडा, कुणी आजारी पडलं की थोडा आणि तोही आपल्याच खिशातून धर्म केल्यासारखा. पाहुणा आला की वडील विचारायचे, झाला का पगार? त्याने हो म्हटलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा की जणू त्यांच्याच हातात पडला. मला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. लाजायला नको म्हणून विचारत नसतील, असं बायको म्हणायची. मला वाटायचं, विचारण्यासारखं त्यांना काही वाटतच नसेल.

मग तुपाची भानगड. पाहुण्याने जेवणाच्या पैशाशिवाय तुपाचे वेगळे पैसे दिले होते. माझ्या सासरहून, बेटम्याहून, गहू यायचे, म्हणून पोळ्यांची आम्हाला ददात नव्हती, पण तूप मोजूनच असायचं. त्याच्या भातावर चमचाभर पडायचं आणि माझ्या भातावर थेंब. बायको म्हणायची, मी काय करू, त्यांनी पैसे दिलेत. बरोबर होतं. पण एक दिवस तो म्हणाला, वहिनी, काकांनाही माझ्यातलं वाढा. तेव्हापासून माझे वडील त्याच्या पैशाचं तूप खाऊ लागले. खाताना ते त्याच्याशी ग्वाल्हेरच्या किल्ल्याबद्दल, जुन्या पलटणींबद्दल बोलायचे. मी शेजारी बसून पोळी चावायचो.

माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. मी खूप शोधलं. तो घोरत नव्हता, उधार मागत नव्हता, मुलांना ओरडत नव्हता, बायकोशी खाली बघून बोलायचा. सापडला तो एकच दोष, तो कामात हळू होता. एकदा काही निरोप द्यायला मी तुकोगंजकडे त्यांच्या छापखान्यात गेलो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. नवीन फर्मा, म्हणजे छापायचा जुळवलेला मजकूर, मशीनवर चढवला की सगळी अक्षरं सारखी उठत नाहीत. कुठे ठळक, कुठे फिकी. फिक्या जागेच्या मागे पातळ कागदाच्या चिंध्या चिकटवून ते सारखं करावं लागतं. याला मेकरेडी म्हणतात आणि मशीनमनची खरी परीक्षा तिथेच असते. आमच्याकडे सेठ डोक्यावर उभा असायचा. वाया गेलेल्या पत्रिकांच्या पाठीवर एकदोन छाप काढायचे, नजरेनेच ओळखायचं, चिंध्या लावायच्या आणि चालू. पाहुणा मात्र कोऱ्या कागदावर एक छाप काढायचा, फोरमनकडे न्यायचा, फोरमन चष्मा लावून बघायचा, सही करायचा, मग हा परत येऊन एक चिंधी लावायचा. पुन्हा छाप, पुन्हा फोरमन. सकाळ त्यातच जायची. त्यांच्या रद्दीच्या टोपलीतला कागद बघून माझ्या पोटात दुखलं.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, हा माणूस माझ्या निम्मं काम करतो आणि दुप्पट घेतो. ती पीठ मळत होती. म्हणाली, मग तुम्ही जा ना तिथे. टोमणा नव्हता. तिने आपलं साधं सांगितलं होतं.

आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तशी संधी आली. बातमी पाहुण्यानेच आणली. मशीनमनची एक जागा इथल्या इथे भरणार होते, काम करून दाखवायचं आणि फोरमन ठरवेल तो घ्यायचा. जेवताना त्याने हे सांगितलं आणि वडिलांचा हात ताटातच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आपला मुलगा कितपत मजबूत आहे हे चाचपावं तसं बघितलं. त्या दिवसापासून ते रोज काहीतरी विचारायला लागले. अर्ज दिलास का. कपडे कुठले घालणार. मशीन कुठल्या बनावटीचं असेल. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या मशीनबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

लोकांना मी सांगत होतो की मला नोकरी पगारासाठी हवी आहे. पगार हवा होताच. कुणाला नको असतो? पण मला हवं होतं ते हे की कुणी विचारलं असता वडिलांनी ताठ बसून म्हणावं, सरकारी छापखान्यात आहे. बस, एवढंच. त्यासाठी मी फुकट कामाला गेलो असतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. पाहुणा शेजारी येऊन बसला. वडील आत होते. तो आवाज उतरवून म्हणाला, "भाऊसाहेब, एक सांगू? उद्या जरा धीरे-धीरे करा. छाप काढला की फोरमनसाहेबांना दाखवा. ते हो म्हणतील तेव्हाच पुढचा काढा. हडबड नका करू."

मी म्हटलं, "माझा हात जलद आहे, त्यात माझा काय कसूर?"

"कसूर नाही हो. पण तिथली रीत तशी आहे. जितकं सांगितलं, उतनाच करायचं."

मी हसलो आणि बरं म्हटलं. मनात मात्र भडका उडाला. अस्सं, म्हणजे याला भीती वाटतेय! त्याच्या शेजारच्या मशीनवर मी उभा राहिलो तर दोघांतला फरक सगळ्यांना दिसेल. मग त्याला पाहुणे कोण म्हणणार आणि तूप कोण वाढणार? मला मंद दाखवून घरी पाठवायचा डाव आहे. मी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला त्यांच्या चांगल्या शब्दातही खडा लागतो. मी तिच्याशी बोलणंच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चारपाच जण होतो. प्रत्येकाला एक सरकारी तक्ता छापायचा होता, उभ्याआडव्या रेघांचा, म्हणजे मेकरेडीला अवघड. पाहुणा पलीकडच्या मशीनवर आपलं काम करत होता. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. फर्मा चढवला, एक छाप काढला, उजेडात धरला, चिंध्या लावल्या, दुसरा काढला, तो साफ आला. फोरमनकडे कशाला जायचं, मला दिसत होतं ना! पायाखाली मशीन धरलं आणि सोडलं ते सोडलंच. बाकीचे अजून शाईचे रूळ पुसत होते तेव्हा माझ्या बाजूला छापलेल्या कागदांची चळत उभी राहिली. सगळ्या रेघा काळ्याभोर, एकसारख्या. फोरमनने वरचा कागद घेतला, मधला घेतला, खालचा घेतला. म्हणाला, "वाह, भाई. हाथ है कि बिजली." मशीनं थांबली होती आणि सगळे बघत होते. पाहुणाही बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे तसं बघितलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी येऊन मी सगळं तपशिलात सांगितलं. वडिलांनी फोरमनचं वाक्य दोनदा म्हणून घेतलं. त्यांचा चहा आला होता, तो त्यांनी बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे केली. लहानपणी त्यांनी तसं केलं असेल, पण मला आठवत नाही. मी चहा प्यायलो. नंतर ते काठी घेऊन बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना सांगून आले. पाहुणा संध्याकाळी नेहमीपेक्षा उशिरा आला आणि मुकाट्याने जेवला. जळतोय, मी मनात म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आग्रहाने वाढलं.

जागा देवासच्या एका माणसाला मिळाली. आमच्यात सर्वांत हळू होता तो. प्रत्येक छाप हातात धरून फोरमनकडे जात होता, मला त्याची कीव आली होती.

हे मला पाहुण्याने आमच्या छापखान्याबाहेर गाठून सांगितलं, घरी नाही. मी फोरमनला चार शिव्या दिल्या आणि कारण विचारलं. पाहुणा आधी टाळत होता. मग म्हणाला, "फोरमनसाहेब म्हणाले, आदमी हुशार आहे. पण याला घेतला तर कल को वरून विचारतील, बाकीचे दिवसभर काय करतात?" तिथे रोज एका मशीनने किती छापायचं याचा एक अंदाज बसलेला होता. तो ग्वाल्हेरपर्यंत कळवलेला होता आणि सगळ्यांचे संसार त्या अंदाजावर उभे होते. मी तो अंदाज एका सकाळीत उडवून दाखवला होता, तोही सगळ्यांच्या देखत.

मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं. म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं. आणि मी आजही म्हणतो, सांगायचं होतं तर नीट सांगायचं. रीत आहे, रीत आहे म्हणून कुणाला काय कळतं?

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण परीक्षेला आलेल्यांपैकी एकाने कागदाच्या दुकानात माझी तारीफ केली आणि कागदाच्या दुकानात आमच्या सेठची रोजची बैठक. दुसऱ्या दिवशी तो माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. "सुना भिया, सरकारी मशीन पे तो तुम हवा हो गए थे. तो अपने यां इत्ते दिन बैलगाड़ी काहे को चला रिये थे?" काय सांगणार? सेठच्या पगारात बसेल एवढाच माझा वेग होता, तो मी कित्येक वर्षं बेताने सांभाळला होता. ग्वाल्हेरवाले करत होते तेच मी करत होतो, फक्त त्यांच्या वेगाला मंजुरी होती. सेठने त्या दिवसापासून मला बिजलीच्या हिशोबाने काम द्यायला सुरुवात केली. पगार बैलगाडीचाच ठेवला. वर दुसरीकडे नोकरी शोधायला गेलास तरी काढलं नाही, हे उपकार म्हणून ऐकवलं. पाय संध्याकाळी दगडासारखे व्हायचे.

वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न होता. मी दोन दिवस घरी उशिरा गेलो. ते रोज विचारायचे, कागद आला का. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो तर ते ओट्यावर बसले होते आणि चेहरा पडलेला नव्हता. उलट माझ्याकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला, एका शिपायाने दुसऱ्याजवळ सोडावा तसा. म्हणाले, "तुझं नशीब, बाबा. जागाच रद्द केली म्हणे वरून. पाहुणे सांगत होते, निवड तुझीच झाली होती."

मी आत बघितलं. पाहुणा माझ्या धाकट्याला पाढे म्हणून दाखवत होता. त्याने वर बघितलं नाही. मी वडिलांना म्हटलं, हो, मलाही तसंच कळलं.

वडील पुढे बरीच वर्षं होते. मध्यभारत गेला, राजधानी भोपाळला गेली, ग्वाल्हेरवाले यायचे बंद झाले, तरी ते लोकांना सांगत राहिले: माझ्या मुलाची सरकारी छापखान्यात निवड झाली होती, फोरमन म्हणाला होता हात आहे की बिजली, पण जागाच रद्द झाली. सांगताना ते ताठ बसायचे. ऐकणारा माझ्याकडे आदराने बघायचा आणि मी मान खाली घालायचो. लोक त्याला विनय समजायचे.

पण त्याआधी, पुढच्या उन्हाळ्यात पाहुणा परत आला, तेव्हाचं एक जेवण माझ्या डोक्यातून जात नाही. देवासवाला त्याच्या शेजारच्या मशीनवर पगार घेत होता. वडिलांनी पाहुण्याच्याच समोर तो सगळा किस्सा दुसऱ्या कुणाला तरी सांगितला आणि साक्ष काढली, काय हो, निवड झाली होती ना? तो सहज म्हणाला, "झाली होती काका, मी स्वतः पाहिलं," आणि पोळी मागून घेतली. वडील हसले. त्याच्या पगाराचा, भत्त्याचा, तुपाचा मी हेवा केला होता, पण तो सगळा मिळून त्या क्षणापुढे काही नव्हता. माझ्या वडिलांना माझ्याबद्दल अभिमान वाटावा, हे त्याने एका वाक्यात करून टाकलं होतं, आणि मला ते जन्मभर मशीन चालवून जमलं नव्हतं.